सॉलिड रॉकेटचं प्रोपेलंट: कुठला घटक बदलला की जळणं कसं बदलतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पीएसएलव्हीचं उड्डाण झालं की पुढचे काही दिवस तेच तेच मेसेज येतात, निम्मे इंजिनिअरिंगच्या पोरांचे, काही शाळेतल्या शिक्षकांचे आणि उरलेले टीव्हीवर लॉन्च बघून उत्सुकता चाळवलेल्यांचे. प्रत्येकाला वेगवेगळं टाइप करत बसण्यापेक्षा इथे एकदाच लिहून ठेवतोय. सोपे प्रश्न वर आहेत, किचकट खाली, आणि एखादी गोष्ट दुसरीकडे आली असेल तर तिथला नंबर दिलाय, म्हणजे तेच परत वाचायला लागू नये.

१. सॉलिड प्रोपेलंटमध्ये नेमकं असतं तरी काय?

प्रोपेलंट म्हणजे जळून रॉकेटला पुढे ढकलणारा माल. आजकालच्या मोठ्या रॉकेटमध्ये जे असतं त्याला कंपोझिट प्रोपेलंट म्हणतात. त्यात मुख्य तीन गोष्टी: ऑक्सिजन देणारा क्षार, बहुतेक वेळा अमोनियम परक्लोरेट (पुढे नुसतं एपी म्हणतो), धातूची पावडर म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, आणि या सगळ्याला धरून ठेवणारं रबर, म्हणजे बाइंडर. वर चिमूटभर इतर गोष्टी, त्यांचं काम प्रश्न ९ आणि १० मध्ये येईल. अंदाज यावा म्हणून सांगतो, स्पेस शटलच्या बाजूच्या दोन बूस्टरमध्ये वजनाने साधारण ७० टक्के एपी, १६ टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि उरलेलं जवळपास सगळं बाइंडर होतं. हाताला हे कडक खोडरबरासारखं लागतं, पावडर किंवा दारू असं काही डोळ्यासमोर आणू नका.

२. अंतराळात हवाच नाही, मग हे जळतं कसं?

ऑक्सिजन आतच असतो. एपीच्या वजनापैकी साधारण ३४ टक्के ऑक्सिजन इंधन जाळायला मोकळा मिळतो. त्यामुळे बाहेर हवा असो, पोकळी असो, त्याला फरक पडत नाही.

३. बर्न रेट म्हणजे काय आणि तो किती असतो?

जळणारा पृष्ठभाग सेकंदाला किती मिलिमीटर मागे सरकतो, तो बर्न रेट. मोठ्या बूस्टरमध्ये तो ऐकून लोक निराश होतात, कारण आकडा सेकंदाला ५ ते १५ मिलिमीटर एवढाच असतो, शटलच्या बूस्टरमध्ये साधारण ९ च्या आसपास. म्हणजे ८ मिलिमीटर धरला तर १०० सेकंदात ८० सेंटिमीटर जाडीचा थर संपतो, बास. थ्रस्ट, म्हणजे रॉकेटला ढकलणारा जोर, एवढा प्रचंड येतो तो जळणाऱ्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळामुळे, म्हणून तर मधून आरपार भोक असतं आणि बऱ्याचदा त्या भोकाला चांदणीसारखा आकार देतात. आकाराचं शास्त्र वेगळं आहे, ते इथे घेत नाही, पण एक लक्षात ठेवा: आकार कुठलाही असला तरी मिलिमीटर-प्रति-सेकंद हा आकडा घटकांवर आणि आतल्या दाबावर ठरतो.

४. दाबाचा घातांक हा काय प्रकार आहे? पुस्तकात सगळीकडे तोच दिसतो.

कारण सगळं त्याच्यावरच येऊन थांबतं. हे उत्तर लांब आहे, पण हे एक कळलं की बाकी निम्मे प्रश्न सुटतात.

दाब वाढला की ज्वाला पृष्ठभागाच्या जवळ सरकते, उष्णता जास्त पोचते आणि जळण्याचा वेग वाढतो. किती वाढतो, तर वेग हा दाबाच्या एका घाताच्या प्रमाणात असतो, हा नियम फ्रान्सच्या पॉल व्हिएय यांच्या नावाने ओळखला जातो. एपीवाल्या कंपोझिटमध्ये हा घातांक साधारण ०.२ ते ०.५ असतो.

आता मजा बघा. वेग वाढला की गॅस जास्त तयार होतो, गॅस जास्त झाला की दाब वाढतो, दाब वाढला की वेग परत वाढतो. हे चक्र कुठे थांबणार ते घातांक ठरवतो. समजा ग्रेनला, म्हणजे आत भरून घट्ट झालेल्या प्रोपेलंटच्या ठोकळ्याला, तडा गेला आणि जळणारा पृष्ठभाग १० टक्क्यांनी वाढला. घातांक ०.३ असेल तर दाब सुमारे १५ टक्के वाढतो. ०.५ असेल तर २१ टक्के. आणि ०.८ असेल तर थेट ६१ टक्के! तडा तेवढाच, रॉकेट तेच, पण एकात पोलादी केस (मोटरचं बाहेरचं कवच) ते सोसते आणि दुसऱ्यात फाटते. घातांक १ ला पोचला की चक्राला थांबाच उरत नाही.

म्हणूनच कुणी मला "सर्वात पॉवरफुल प्रोपेलंट कुठलं" विचारलं की मी उलटा विचारतो, त्याचा घातांक किती? थोडी कमी ताकद आणि भरवशाचं जळणं हा सौदा रॉकेटवाले डोळे झाकून करतात, आणि माझ्या मते अगदी बरोबर करतात.

५. एपीचे दाणे बारीक केले की रॉकेट वेगात जळतं म्हणे. खरं का? केमिकल तर तेच आहे ना!

खरं आहे, आणि बर्न रेट वर-खाली करायची ही सगळ्यात जास्त वापरली जाणारी पद्धत आहे. रेसिपीतली टक्केवारी जशीच्या तशी ठेवायची आणि नुसता दाण्यांचा आकार बदलायचा.

कारण असं की पृष्ठभागावर एक ज्वाला नसते, दोन-तीन प्रकारच्या असतात. एपी एकटाही जळू शकतो, त्याची स्वतःची ज्वाला साधारण १४०० केल्विनची, म्हणजे रॉकेटच्या मानाने गारच म्हणायची. खरी गरम ज्वाला तेव्हा लागते जेव्हा एपीतून निघालेला ऑक्सिजनवाला गॅस शेजारच्या रबरातून निघालेल्या इंधनाच्या गॅसमध्ये मिसळतो. आता दाणा ३००-४०० मायक्रॉनचा असेल तर दोन्ही गॅस एकमेकांत मिसळेपर्यंत पृष्ठभागापासून बरेच वर गेलेले असतात, गरम ज्वाला लांब लागते आणि खाली उष्णता कमी पोचते. दाणा १० मायक्रॉनच्या खाली असेल तर मिसळणं लगेच होतं, ज्वाला अगदी पृष्ठभागाला चिकटून. उष्णता जास्त, वेग जास्त. बेकस्टेड, डेर आणि प्राइस या तिघांनी १९७० मध्ये हे चित्र गणितात मांडलं, त्याला बीडीपी मॉडेल म्हणतात, आणि नंतर कितीतरी सुधारणा झाल्या तरी समजून घ्यायला आजही तेच सोपं पडतं.

६. मग सगळे दाणे बारीकच का टाकत नाहीत?

तीन कारणं. पहिलं म्हणजे मिश्रण ओतताच येणार नाही. बारीक दाण्यांचं एकूण क्षेत्रफळ इतकं जास्त होतं की सगळ्यांना ओलं करायला रबर पुरत नाही आणि मिक्सरमध्ये कोरडा घट्ट गोळा तयार होतो. ८५ टक्क्यांच्या वर घन पदार्थ आणि तरी ओतता येईल असं मिश्रण हवं असेल तर वेगवेगळ्या मापाचे दाणे लागतात. डब्यात आधी लाडू भरा, मग फटीत शेंगदाणे ओता, मग त्यांच्या फटीत रवा, तसंच. त्यामुळे दोन किंवा तीन मापांचे एपीचे दाणे ठरलेल्या प्रमाणात घेतात आणि ते प्रमाण किंचित हलवून बर्न रेट हवा तिथे आणतात.

दुसरं, दाण्यांचं माप बदललं की नुसता वेग नाही, घातांकही हलतो (प्रश्न ४), आणि तो कुठल्या बाजूला हलेल हे त्या त्या मिश्रणाच्या चाचण्या घेऊनच कळतं.

तिसरं, खूप बारीक एपी हाताळायला जास्त धोकादायक असतो. एपी हे काही निरुपद्रवी मीठ नाही. अमेरिकेत नेवाडातल्या हेंडरसनला ४ मे १९८८ ला पेपकॉनचा एपी बनवणारा कारखाना आग लागून स्फोटांनी उद्ध्वस्त झाला होता, दोन माणसं गेली. आपल्याकडे इस्रोचा एपीचा कारखाना केरळात अलुव्याला आहे.

७. अ‍ॅल्युमिनियम का टाकतात? धातू जळतो का?

जळतो, आणि जोरदार जळतो. तापमान ३००० केल्विनच्या वर जातं, प्रोपेलंटची घनता वाढते, म्हणजे तेवढ्याच केसमध्ये जास्त माल बसतो. पीएसएलव्ही किंवा एलव्हीएम-३ उडताना खाली जो पांढराशुभ्र जाड धूर दिसतो तो मुख्यतः जळलेलं अ‍ॅल्युमिनियम, म्हणजे अ‍ॅल्युमिनाचे बारीक कण.

पण हा धातू पृष्ठभागावर मात्र उशिरा पेटतो, ते बघण्यासारखं आहे. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं, पण त्याच्या प्रत्येक कणावर ऑक्साइडचं कवच असतं आणि ते वितळायला २००० अंशाच्या वर जावं लागतं. मग होतं काय, की आतून वितळलेले कण पृष्ठभागावर रेंगाळतात, शेजाऱ्यांना चिकटतात, आणि काही दहा मायक्रॉनच्या कणांचे मिळून शेकडो मायक्रॉनचे थेंब होतात, ते मग उचलले जाऊन वर ज्वालेत पेटतात. हाय-स्पीड कॅमेऱ्याच्या चित्रात हे थेंब पृष्ठभागावर लोळताना स्पष्ट दिसतात. थेंब मोठा झाला की पूर्ण जळायला वेळ लागतो, आणि छोट्या मोटरमध्ये (सॉलिड रॉकेटच्या इंजिनाला मोटर म्हणतात) तेवढा वेळच नसतो, तो अर्धवट जळूनच नोझलमधून, म्हणजे गॅस सोडणाऱ्या मागच्या तोंडातून, बाहेर.

इथे परत एपीच्या दाण्यांचा संबंध येतो. अ‍ॅल्युमिनियम बसतं ते मोठ्या एपी दाण्यांच्या मधल्या फटीत, त्यामुळे फट जेवढी मोठी तेवढा थेंब मोठा. म्हणजे तुम्ही बर्न रेटसाठी एपी बदलला आणि नकळत अ‍ॅल्युमिनियमचं जळणंही बदललं.

८. मग अ‍ॅल्युमिनियम आणखी वाढवलं तर थ्रस्ट वाढत जाईल ना?

एका मर्यादेपर्यंत. शटलचं उदाहरण घ्या, १६ टक्के अ‍ॅल्युमिनियम जळून त्याचा अ‍ॅल्युमिना झाला की तो एकूण वजनाच्या साधारण ३० टक्के होतो. आता नोझलमधून ढकलणारा तो गॅस, हे कण गॅससारखे प्रसरण पावत नाहीत, ते नुसते ओढले जातात आणि मागे पडतात. त्यात वेगाचा तोटा होतो. शिवाय काही वितळलेला अ‍ॅल्युमिना मोटरच्या आतच, नोझलच्या भोवतीच्या खळग्यात साचतो, त्याला स्लॅग म्हणतात, ते उगाच वाहून नेलेलं वजन. अ‍ॅल्युमिनियम वाढवायचं तर दुसरं काहीतरी कमी करावं लागतं हेही आहेच, आणि एपी कमी केला की ऑक्सिजनच कमी पडतो.

९. आयर्न ऑक्साइड अर्धा टक्कासुद्धा नसतो, मग त्याचा एवढा गवगवा का?

कारण तो कॅटलिस्ट आहे. स्वतः फारसा ऊर्जा देत नाही, पण एपी आणि बाइंडर यांचं विघटन सोपं करतो, आणि बर्न रेट लक्षणीय वाढतो. शटलच्या बूस्टरमध्ये आयर्न ऑक्साइड होतं, भारतात कॉपर क्रोमाइटही बराच वापरलाय. यात बारीक पावडर जास्त परिणाम करते, म्हणून पुरवठादार बदलला आणि टक्केवारी तीच राहिली तरी बर्न रेट हलू शकतो, हे खरेदी विभागाला पटवून देणं हे एक वेगळंच काम असतं.

यापेक्षा जोरदार कॅटलिस्ट म्हणजे फेरोसीनचे द्रव प्रकार. ते रबरात छान विरघळतात, वेग मस्त वाढतो. पण विरघळणारी गोष्ट एका जागी बसत नाही, वर्षानुवर्षं साठवलेल्या मोटरमध्ये ते सरकत सरकत इन्सुलेशनच्या (केसच्या आतल्या उष्णता अडवणाऱ्या थराच्या) दिशेने जातात, मग कडेला जळणं वेगळं आणि मध्ये वेगळं. क्षेपणास्त्र दहा-पंधरा वर्षं कोठारात पडून असतं, तिथे हे परवडत नाही. त्यावर उपाय म्हणून फेरोसीन थेट रबराच्या साखळीला रासायनिक पद्धतीने जोडलेला बाइंडरही बनवलाय.

१०. आणि वेग कमी करायचा असेल तर?

मोठे एपी दाणे हा पहिला उपाय (प्रश्न ५). त्यानेही भागलं नाही तर ऑक्झामाइडसारखं गार करणारं काहीतरी टाकतात, ते पृष्ठभागावर उष्णता शोषून विघटित होतं. लिथियम फ्लोराइडचाही असा उपयोग होतो. किंमत अर्थात द्यावी लागते, गार करणारी गोष्ट एकूण ऊर्जाही खाते.

११. विज्ञान प्रदर्शनासाठी घरी थोडंसं बनवायचंय, प्रमाण सांगाल का?

नाही. हा मेसेज दर डिसेंबरला येतो आणि उत्तर दरवेळी हेच आहे. वर दिलेली टक्केवारी कुठल्याही पुस्तकात मिळते, ती कृती नाही आणि तशी वापरूही नका. मिसळताना घर्षण, स्थिर वीज, एखादी अडकलेली हवेची पोकळी, यातलं काहीही पुरतं. शिवाय परवान्याशिवाय स्फोटक बनवणं हा गुन्हा आहे, १८८४ चा एक्स्प्लोझिव्ह्ज अ‍ॅक्ट आजही लागू आहे आणि परवाने देणाऱ्या पेसोचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. प्रदर्शनाला पाण्याचं रॉकेट करा, दाब, नोझल, थ्रस्ट सगळं दाखवता येतं आणि बोटं दहा राहतात.

१२. बाइंडर म्हणजे नुसता गोंदच ना?

गोंद, इंधन आणि चौकट, तिन्ही. सुरुवातीला खरंच साधी गोष्ट होती, १९४२ मध्ये अमेरिकेतल्या कॅल्टेक या संस्थेच्या गॅल्सिट गटात रॉकेटवर काम करणाऱ्या जॅक पार्सन्सने रस्त्याचं डांबर वितळवून त्यात पोटॅशियम परक्लोरेट मिसळला. ते चाललं, पण डांबर उन्हात मऊ होऊन ओघळतं आणि थंडीत तडकतं. तडकलं की काय होतं ते प्रश्न ४ मध्ये बघितलंच. मग रबरं आली: पॉलिसल्फाइड, नंतर पीबॅन, नंतर एचटीपीबी.

एचटीपीबी ही सध्याची सगळ्यांची आवडती. ओततानाच्या अवस्थेत ती पातळसर असते म्हणून जास्त घन माल सामावून घेते, आणि क्युअर झाल्यावर, म्हणजे रासायनिक क्रियेने घट्ट झाल्यावर, खूप खाली तापमान गेलं तरी रबरासारखीच राहते. भारतात हे सगळं घडवण्यात पुण्याच्या वसंत गोवारीकरांचा मोठा वाटा, थुंब्याला प्रोपेलंटचं काम त्यांनी उभं केलं आणि १९७९ ते १९८५ ते विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक होते. एसएलव्ही-३ चे खालचे टप्पे पीबॅनवर चालले, आणि १९९३ ला पहिल्यांदा उडालेल्या पीएसएलव्हीचा पहिला टप्पा एचटीपीबीवर आला. त्यात आज साधारण १३८ टन प्रोपेलंट असतं, एलव्हीएम-३ च्या प्रत्येक एस-२०० बूस्टरमध्ये दोनशे टनांच्या वर.

जळण्यावर बाइंडरचा थेट परिणाम म्हणजे ते किती तापमानाला आणि कसं गॅसमध्ये बदलतं. वितळून पातळ झालं आणि एपीच्या दाण्यांवर पसरलं तर ते दाणे झाकले जातात, जळणं तिथे मंदावतं आणि कधी कधी एखाद्या दाबाच्या पट्ट्यात बर्न रेट वाढायचाच थांबतो. रबर एकच, पण त्याला क्युअर करणारं आयसोसायनेट बदललं तरी हे वितळणं बदलू शकतं. म्हणजे जो पदार्थ फक्त "घट्ट होण्यासाठी" घातला तोही ज्वालेत हात घालतोय.

१३. एचटीपीबी एवढी चांगली तर नासाचं नवं एसएलएस रॉकेट अजून पीबॅनवर का?

कारण त्याचे बूस्टर शटलच्या बूस्टरमधूनच आलेत, चारऐवजी पाच सेगमेंट (जोडायचे तुकडे) केले. चाळीस वर्षांचा डेटा असलेलं मिश्रण फक्त नवीन आहे म्हणून कुणी बदलत नाही. थोडं जुनाट वाटेल, पण माणसं बसणार असतील तर मीही तेच करीन.

१४. डबल बेस प्रोपेलंट वेगळं असतं का?

पूर्ण वेगळं. त्यात नायट्रोसेल्युलोज आणि नायट्रोग्लिसरीन असतात, इंधन आणि ऑक्सिजन एकाच रेणूत, वेगळे दाणे नाहीत. म्हणजे प्रश्न ५ मधलं दाण्यांचं सगळं गणित इथे लागूच होत नाही. धूर अगदी कमी, म्हणून लहान क्षेपणास्त्रांना आवडतं, डागल्यावर जागा दिसत नाही.

नुसत्या डबल बेसचा घातांक तसा जास्त असतो. पण त्यात शिशाचे क्षार थोडे टाकले की कमी दाबावर बर्न रेट वाढतो आणि मग दाबाचा एक असा पट्टा येतो जिथे दाब वाढला तरी वेग जवळजवळ तेवढाच राहतो, याला प्लॅटो म्हणतात. काही मिश्रणांत तर दाब वाढल्यावर वेग कमी होतो, त्याला मेसा. मोटर चालवणाऱ्याला याहून आवडेल असं काही नाही, दाब चुकून वाढला तर जळणं आपणहून मंदावतं. पृष्ठभागावर साचणाऱ्या कार्बनचा आणि शिशाचा यात हात आहे. शिसं विषारी असल्यामुळे आता बिस्मथचे क्षार आणायचं काम चालू आहे.

१५. अमोनियम नायट्रेट स्वस्त आहे, क्लोरीनही नाही. तेच का वापरत नाहीत?

विदर्भातल्या लोकांना हे पटकन पटेल. अमोनियम नायट्रेटचे स्फटिक ३२ अंशाच्या आसपास आपली रचना बदलतात आणि आकारमान ३ ते ४ टक्क्यांनी हलतं. नागपूर-चंद्रपूरकडे उन्हाळ्यात हा आकडा रोज सकाळी ओलांडला जातो आणि रात्री बऱ्याचदा परत खाली येतो. तसं काही आठवडे चाललं की दाणे बाइंडरपासून सुटतात, भेगा पडतात, आणि मग प्रश्न ४. काही क्षार मिसळून हा बदल पुढे ढकलता येतो, पण बाकीच्या अडचणी राहतातच: पाणी शोषतं, मोकळा ऑक्सिजन फक्त २० टक्के, जळतं हळू, आणि अ‍ॅल्युमिनियम त्यात नीट पेटत नाही. गॅस जनरेटरसारख्या जिथे गार आणि हळू जळणंच हवं असतं तिथे मात्र ते छान.

१६. एचएमएक्स, आरडीएक्स, सीएल-२० ही तर जबरदस्त स्फोटकं, ती टाकली की वेग भन्नाट वाढणार ना?

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे. एपी काढून त्या जागी एचएमएक्स किंवा आरडीएक्स टाकलं तर बर्न रेट बहुधा कमी होतो! कारण त्यांच्याकडे शेजारच्या रबराला द्यायला जादा ऑक्सिजन नाही, त्यामुळे ती जवळची गरम मिश्र ज्वाला लागतच नाही, उलट ते वितळून पृष्ठभागावर पसरतात. ऊर्जा वाढते, धूर कमी होतो, हे खरं. पण घातांक वर सरकतो आणि काही दाबांवर बर्न रेटच्या ग्राफचा उतार एकदम बदलतो.

सीएल-२० वेगळं, ते खरंच वेगात जळतं. १९८७ मध्ये अमेरिकेत चायना लेकला ते पहिल्यांदा बनलं, पुण्याच्या एचईएमआरएल या डीआरडीओच्या प्रयोगशाळेतही त्यावर काम झालंय. महाग आहे, धक्क्याला जास्त संवेदनशील आहे. आणि यातली कुठलीही गोष्ट भरपूर टाकली की प्रोपेलंटचा धोक्याचा वर्गच बदलतो, म्हणजे आग लागली तर जोरात जळणारा माल एवढ्यावर न थांबता एकदम स्फोट होणारा माल. मग कोठारं लांब, भिंती जाड, वाहतूक वेगळी.

१७. अ‍ॅल्युमिनियम काढलं की धूर गेला, मग अडचण काय?

मोटर किंचाळायला लागते. चेंबरमधल्या गॅसला स्वतःच्या ध्वनिलहरी असतात, आणि ज्वाला दाबाला प्रतिसाद देते (परत प्रश्न ४), त्यामुळे लहर ज्वालेला आणि ज्वाला लहरीला खतपाणी घालते. अ‍ॅल्युमिनाचे तरंगणारे कण ही लहर शोषून घेत असतात, तेच काढून टाकले तर कंपनं वाढत जातात. म्हणून कमी धुराच्या प्रोपेलंटमध्ये झिर्कोनियम कार्बाइडसारखी न जळणारी पावडर थोडी परत टाकतात, फक्त आवाज दाबायला. आणि धूर पूर्ण जातो असंही नाही, एपीमधून निघालेलं हायड्रोजन क्लोराइड दमट हवेत पांढरी रेघ उमटवतंच.

१८. थंडीत किंवा उन्हात जळण्याचा वेग बदलतो?

बदलतो. दाब तोच ठेवला तर दर अंशाला साधारण ०.१ ते ०.२ टक्के. किरकोळ वाटतं, पण ५० अंशांच्या फरकाला ०.२ ने गुणा, १० टक्के झाले, आणि मोटरच्या आत तो प्रश्न ४ मधल्या गणिताने फुगून दाबात १५ टक्क्यांच्या घरात जातो. श्रीहरिकोट्याला हवामान तसं एकसारखं असतं, पण पिनाकासारखं पुण्यात विकसित झालेलं रॉकेट राजस्थानातही चालायला हवं आणि बर्फातही, म्हणून तोफखान्याच्या रॉकेटला हा आकडा जास्त छळतो.

१९. चॅलेंजर थंडीमुळे गेलं, म्हणजे प्रोपेलंट खराब झालं होतं का? आणि पीएसएलव्ही-सी६१?

चॅलेंजर या स्पेस शटलच्या अपघातात प्रोपेलंटचा दोष नव्हता. २८ जानेवारी १९८६ ला सकाळी तापमान साधारण २ अंश होतं आणि सेगमेंटच्या सांध्यातली रबरी ओ-रिंग थंडीने ताठ झाली, गरम गॅस तिथून बाहेर आला. प्रोपेलंट अगदी नेहमीसारखं जळत होतं.

सी६१ च्या फसलेल्या उड्डाणात १८ मे २०२५ ला तिसऱ्या टप्प्यात चेंबरचा दाब घसरला असं इस्रोने सांगितलं. त्यावरून लगेच "इंधन खराब" अशा पोस्ट फिरल्या, त्यांना माझं एकच म्हणणं: प्रोपेलंटमध्ये तडा किंवा पोकळी असते तेव्हा जळणारा पृष्ठभाग वाढतो, म्हणजे दाब चढायला हवा. दाब पडला तर आधी संशय जातो तो गॅस कुठून निसटला यावर, म्हणजे केस, सांधा, इन्सुलेशन, नोझल.

२०. एकदा पेटलं की सॉलिड मोटर थांबवताच येत नाही, बरोबर?

जवळजवळ. दाब एकदम, मिलिसेकंदांत पाडला तर ज्वाला पृष्ठभागापासून दूर फेकली जाते आणि जळणं विझू शकतं. काही जुन्या क्षेपणास्त्रांत थ्रस्ट तोडायला पुढच्या बाजूला भोकं उघडायची सोय होती. घटकांचा संबंध असा: एकटा एपी साधारण २ मेगापास्कलच्या खाली स्वतःहून जळतच नाही, त्यामुळे कॅटलिस्ट कमी असलेलं मिश्रण सहज विझतं आणि कॅटलिस्टवालं चिवट असतं. पण आतली भिंत इतकी गरम असते की विझलेलं परत पेटू शकतं, म्हणून यावर कुणी भरवसा ठेवत नाही.

२१. लॅबमध्ये आलेला बर्न रेट आणि खऱ्या मोटरमधला वेगळा का येतो? घटक तर तेच!

लॅबमध्ये पेन्सिलीसारखी पट्टी कापतात, तिच्या बाजूंना लेप देतात म्हणजे ती फक्त टोकाकडून जळेल, ठराविक अंतरावर बारीक तारा आरपार ओवतात आणि नायट्रोजनने दाबलेल्या भांड्यात पेटवतात. एक तार तुटल्यापासून दुसरी तुटेपर्यंतचा वेळ, त्यावरून वेग. सोपं, स्वस्त, आणि प्रत्येक बॅचला करता येतं. पण खऱ्या मोटरमध्ये गॅस पृष्ठभागाला घासून वाहतो, नोझलच्या बाजूला तर खूपच वेगाने, त्यामुळे तिथे वेग वाढतो. म्हणून मध्ये एक पायरी असते, छोटी चाचणी मोटर, आणि शेवटी मोठीचा आकडा ठराविक गुणकाने जुळवतात.

मिक्सिंगचाही भाग आहे. शेकडो टन प्रोपेलंट एका घाण्यात होत नाही, बऱ्याच बॅच कराव्या लागतात आणि त्या एकमेकींशी जुळाव्या लागतात. इस्रोने २०२५ मध्ये बंगळुरूच्या सीएमटीआय या संस्थेबरोबर १० टनांचा उभा मिक्सर तयार केला त्याचं एक कारण हेच, बॅच जेवढ्या कमी तेवढे फरक कमी.

२२. घटक तेच, बॅच तीच, गॅसच्या घासण्याचा परिणामही धरला, तरी ग्राफमध्ये मध्येच फुगवटा येतो. का?

हा प्रश्न विचारणारा बहुतेक खऱ्या डेटासमोर बसलेला असतो. अंदाजलेला दाब आणि मोजलेला दाब यांची रेघ सुरुवातीला आणि शेवटी जुळते, आणि निम्मा थर जळला की मोजलेली रेघ काही टक्के वर जाते. याला हंप म्हणतात.

कारण ओतण्यात आहे. प्रोपेलंट केसमध्ये भरताना दाट द्रवासारखं वाहतं, आणि वाहताना भिंतीजवळ आणि मधल्या साच्याजवळ ते घासलं जातं, तिथे मोठे आणि बारीक दाणे थोडे वेगळे होतात, थर भिंतीला समांतर लागतात. मधल्या भागात ही रचना वेगळी असते, आणि जळणं त्या थरांना कुठल्या कोनात छेदतं त्यानुसार वेग थोडा कमी-जास्त होतो. म्हणजे रासायनिक विश्लेषण केलं तर दोन्ही जागचे नमुने सारखेच दिसतील. मोटर कुठल्या बाजूने भरली, किती वेगाने भरली, साचा कुठला, यावर फुगवट्याचा आकार ठरतो. म्हणून भरण्याची पद्धत बदलली तर रेसिपीला हातही न लावता नवीन स्टॅटिक टेस्ट (मोटर जमिनीवर बांधून जाळायची चाचणी) घ्यावी लागते, आणि जुना गुणक तसाच पुढे वापरता येत नाही.